तुमचे प्रश्न: खाणीत काहीतरी निघालंय

मागच्या महिन्यात या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की आपल्याकडच्या निम्म्या जुन्या गोष्टी संशोधकांना नाही तर कुदळवाल्यांना आणि जेसीबीवाल्यांना सापडतात. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं अख्खं सदर खाणीलाच देऊन टाकतेय. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, काहींना तर फोटो पाहिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, का ते पहिलं पत्र वाचलंत की कळेलच.

ताई, राजापूर तालुक्यात आमचा सामाईक सडा (कातळाचा माळ) आहे, चिरेखाणीला दिलाय. गवत काढून वरची माती खरवडली तर कातळावर कोरलेल्या रेषा दिसल्या. मासा वाटतो, नाहीतर माणसाचे पाय. भागीदार म्हणतो कुणाला बोलू नको, दोन दिवसात मशीन फिरवून मोकळं होऊ, नाहीतर सरकार जमीन घेईल. खरंच घेतं का?

आधी मशीन थांबवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही जे लिहिलंय ते कातळशिल्प, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेलं जुनं चित्र, असण्याची शक्यता बरीच आहे, कारण राजापूर, लांजा, रत्नागिरी या पट्ट्यातल्या सड्यांवर अशी चित्रं शेकड्यांनी निघालीत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ही मंडळी वर्षानुवर्षं सडे तुडवत, गुराख्यांना विचारत विचारत ती नोंदवत आली. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत, उभं राहून बघितलं तर कळतच नाही आपण कशावर उभे आहोत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली ९ ठिकाणं गेली, त्यातली ८ महाराष्ट्रातली आणि १ गोव्यातलं, आणि बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ ही नावं तुम्हाला मी काय सांगायची, तुमच्याच बाजूची आहेत.

आता चिरेखाणीची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की तुम्हाला हवा असतो तो खालचा मऊ जांभा, ज्याचा चिरा नीट कापता येतो. वरचा कडक कातळ तुमच्या हिशोबात कचरा, तो आधी फोडून बाजूला टाकायचा. आणि चित्र कोरलेलं असतं नेमकं त्या कचऱ्यावर, इंच दोन इंच खोल. म्हणजे पहिला चिरा विकला जायच्या आधीच चित्र संपलेलं असतं, पैसे यायच्या आधी. खाणीतल्या शोधांचं हे सगळीकडेच असं असतं, खाली आणखी उदाहरणं येतीलच.

जमिनीचं बोलू. "सरकार घेतं" हे अर्धं खरं आहे. संरक्षित जाहीर करणं आणि जमीन संपादन करणं या दोन वेगळ्या गोष्टी. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात आधी नोटीस निघते, हरकत घ्यायला २ महिने मिळतात, आणि नुसत्या जाहीर करण्याने सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे. पण खोटं कशाला सांगू, एकदा जागा संरक्षित झाली की तिथे खाण चालणार नाही, आणि केंद्राच्या यादीत गेली तर भोवतीच्या १०० मीटरमध्येही नाही. म्हणून भागीदाराची भीती अगदीच वेडेपणाची नाही. माझं म्हणणं एवढंच की सडा मोठा असतो, खाणीचं तोंड दुसरीकडे फिरवता येतं का हे तहसीलमध्ये आत्ताच विचारा, उशिरा विचारलंत तर वाटाघाटीला काही उरत नाही. सामाईक जमीन आहे म्हणताय तर बाकीच्या हिस्सेदारांनाही सांगा, नाहीतर उद्या तेच तक्रार करतील.

करायचं काय? फोटो काढा, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवा, नसेल तर चप्पल ठेवा. रेषांमध्ये खडू, चुना, रंग भरू नका, रीलसाठी लोक हल्ली हे करतात आणि डोकं फिरतं. तहसीलदारांना आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवा, पोच घ्या. उक्षी गावात लोकांनीच पुढाकार घेऊन आपल्या सड्यावर कोरलेला हत्ती राखला, एकदा जाऊन बघून या, भागीदारालाही घेऊन जा.

आमची वीटभट्टी आहे, शिरूर तालुक्यात नदीकाठाला. माती काढताना दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावलेली, आडवी. आत बारीक हाडं होती, लहान मुलाची असावीत. मजूर घाबरले, काम सोडून बसले. भटजींना विचारून आम्ही सगळं नदीत सोडलं आणि नारळ फोडला. चुकलं का?

काका, तुमचं पत्र वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. श्रद्धेने केलंत, त्याला चूक कोण म्हणेल. पण काय सोडलंत ते ऐका.

तुमच्याच तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं, आपल्याकडे इतकं तपशिलात खणलेलं ताम्रपाषाणयुगातलं गाव दुसरं क्वचितच असेल. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं. तिथे लहान मूल गेलं की दोन जाड करड्या मडक्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडायचे, आणि खड्डा कुठे, तर घराच्या जमिनीखालीच. बाहेर माळावर नाही, घरातच. मोठी माणसंही घरात पुरायचे पण त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले सापडले. का तोडले असतील यावर तर्क भरपूर आहेत, मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून असा एक, मला तो पटतो पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

तुमची मडकी त्यातलीच होती का, हे आता सांगता येत नाही. खापराचा एक तुकडा जरी मातीत राहिला असेल तर तो जपून ठेवा आणि जिथे निघालं ती जागा दगड लावून खूण करा. एक मडकं निघालं की शेजारी घराची जमीन, चूल, धान्याची बळद असं काहीतरी असतंच.

आणि नदीत सोडणारे तुम्ही पहिले नाही. १७९४ साली काशीच्या जगतसिंगाच्या माणसांनी सारनाथचा एक मोठा स्तूप विटा-दगडांसाठी खणायला घेतला, म्हणजे त्यांच्या लेखी ती खाणच होती, तयार विटांची. आत दगडी पेटीत अस्थींचा करंडक निघाला. अस्थी रीतसर गंगेत सोडल्या. बहुधा बुद्धाच्या म्हणून पुजलेल्या अस्थी! तिथला इंग्रज रेसिडेंट जोनाथन डंकन याने ते सगळं लिहून कळवलं म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, १७९५ ते १८११, आणि फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चमध्ये त्याला पुरलाय. स्तूप मात्र गेला, आज तिथे गोल पाया तेवढा दिसतो.

पुढच्या वेळी मजूर घाबरले तर नारळ जरूर फोडा, पण जागेवरच फोडा, आणि मडकी हलवू नका.

आम्ही जर्मनीत डुसेलडॉर्फला राहतो. मुलांना घेऊन निअँडरथल म्युझियम बघायला गेलो, म्युझियम मस्त आहे पण "ती गुहा कुठंय" म्हणून मुलं मागे लागली आणि तिथे गुहाच नाही! नुसतं गवत. असं कसं?

कारण गुहा विकली गेली. चुना म्हणून.

झालं असं, की डुसेल नदीची ती घळ पूर्वी खूप देखणी होती, चित्रकार येऊन बसायचे. सतराव्या शतकात योआकिम नेआंडर नावाचे एक धर्मगीतं लिहिणारे पाद्री तिथे फिरायला यायचे, त्यांच्यावरून खोऱ्याला नेआंडरताल (आपण म्हणतो ते निअँडरथल) म्हणायला लागले. गंमत म्हणजे त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे नवा माणूस, आणि त्याचंच ग्रीक रूप करून घेतलेलं नेआंडर. नव्या माणसाच्या खोऱ्यात जुना माणूस सापडला, असं कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

एकोणिसाव्या शतकात त्या चुनखडीला भाव आला आणि डोंगर फोडायला सुरुवात झाली. १८५६ चा ऑगस्ट. नदीपासून बरीच वर, कड्यात फेल्डहोफर नावाची एक छोटी गुहा होती आणि तिच्यात चिखल-माती भरलेली. चुन्यात माती मिसळली की माल खराब, म्हणून मजुरांनी आधी ती माती उकरून खाली दरीत लोटून दिली. पुन्हा तेच बघा, वरचा कचरा. त्या मातीत हाडं होती. मालकाच्या लक्षात आल्यावर त्याला वाटलं गुहेतल्या अस्वलाची असतील, त्याने थोडी वेचून ठेवायला सांगितली आणि ती योहान कार्ल फूलरॉट या शाळामास्तरांना दाखवली, त्यांना अशा गोष्टींची आवड होती. मास्तरांनी कवटीचा वरचा भाग बघितला, भुवयांवरचं ते जाड हाड बघितलं आणि ओळखलं की हे अस्वल नाही, माणूस आहे, पण आपल्यासारखा नाही. जेमतेम १६ हाडं. बाकीचा माणूस दरीत.

मग पंडितांचं भांडण. बॉनचे शाफहाउझेन मास्तरांच्या बाजूने, पण दुसऱ्या एका प्राध्यापकाने छापून सांगितलं की हा १८१४ मधला रशियन फौजेतला कोसॅक घोडेस्वार असणार, आजारी पडून गुहेत शिरला आणि मेला, पाय वाकडे आहेत ते घोड्यावर बसून बसून! मोठ्या माणसांच्या मोठ्या चुका वाचायला मला फार आवडतात. शेवटी १८६४ मध्ये आयर्लंडच्या गॉलवेमधले प्राध्यापक विल्यम किंग यांनी होमो निअँडरथालेन्सिस हे नाव दिलं. हे किंग लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात त्यांचा मुलगा येणारे.

गुहा तर फोडून संपवली, नेमकी कुठे होती हेही लोक विसरले. १९९७ आणि २००० मध्ये राल्फ श्मित्झ आणि युर्गन थिसेन या पुरातत्त्वज्ञांनी जुने कागद, जुनी चित्रं ताडून बघत ती दरीत लोटलेली माती शोधून काढली, म्हणजे १४० वर्षांपूर्वीचा खाणीचा कचरा पुन्हा खणला. त्यात हाडांचे बारीक तुकडे मिळाले आणि त्यातला एक १८५६ च्या मांडीच्या हाडाला चपखल बसला. मला तरी मूळ शोधापेक्षा हा शोध जास्त भारी वाटतो. १९९७ मध्येच स्वांते पेबो यांच्या गटाने त्या जुन्या हाडातून डीएनए काढला, त्याच कामाच्या वाटेवर पुढे २०२२ चं नोबेल.

मुलांना सांगा, ज्या गवतावर ते पळत होते त्याच्या बरंच वर, हवेत, ती गुहा होती. जमीन खाली गेलीय, गुहा वर राहिली असती.

एमपीएससीची तयारी करतोय. "रॉबर्ट ब्रूस फूट, १८६३, पल्लावरम" एवढं पाठ आहे. पण नेमकं झालं काय हे एकाही गाईडमध्ये नाही.

गाईडमध्ये नसणारच, गाईडला जागा कमी. फूट हे भूशास्त्रीय सर्वेक्षणातले भूवैज्ञानिक. ३० मे १८६३ ला मद्रासजवळ पल्लावरमच्या छावणीत, परेड ग्राऊंडच्या बाजूला मुरूम काढलेला एक साधा खड्डा होता, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला असतो तसा. त्या खड्ड्यातून निघालेल्या लालसर खडीत त्यांना घडवलेला दगड दिसला, हातकुऱ्हाड. भारतात अश्मयुगातला माणूस होता याचा हा पहिला ओळखलेला पुरावा.

पण प्रश्न असा पडायला पाहिजे की त्या खड्ड्यातून त्याआधी किती जण खडी घेऊन गेले असतील, त्यांना का नाही दिसला? कारण फूटना काय बघायचं ते माहीत होतं. फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात खडीच्या खाणींमध्ये बुशे द पेर्त नावाचे कस्टमचे अधिकारी कित्येक वर्षं असे दगड गोळा करत होते, कुणी विश्वास ठेवत नव्हतं. खाणमजूर मात्र त्या दगडांना ओळखायचे, आकारावरून "मांजराच्या जिभा" म्हणायचे. एप्रिल १८५९ मध्ये इंग्लंडहून प्रेस्टविच आणि इव्हान्स हे दोन अभ्यासक गेले, त्यांनी दगड जागेवरच, थरात रुतलेला बघितला, फोटो काढला, आणि मग सगळं मान्य झालं. ही बातमी मद्रासपर्यंत पोचली होती. चार वर्षांनी फूट त्या खड्ड्यात वाकले ते असं वाकले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फूट आणि त्यांचे सहकारी अत्तिरमपक्कमला गेले, तिथे तर अवजारांचा सडाच. हे सहकारी म्हणजे विल्यम किंग, वरच्या गॉलवेच्या किंगांचे चिरंजीव! बाप तिकडे निअँडरथलला नाव देतोय, मुलगा इकडे तमिळनाडूत हातकुऱ्हाडी वेचतोय. शांती पप्पू यांच्या गटाने अलीकडे अत्तिरमपक्कमचा काळ १५ लाख वर्षांपर्यंत मागे नेला, तेही पाठ करून ठेव, विचारू शकतात.

आणि एक उदाहरण परीक्षेपुरतं नाही, स्वतःसाठी. आंध्रात कर्नूलकडे ज्वालापुरम म्हणून गाव आहे. तिथे लोक पांढरी राख खणतात, घासायच्या-धुवायच्या पावडरीत घालायला. ही राख कुठली, तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची, तिथून उडून आलेली. रवी कोरीसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांच्या गटाला तिथे राखेच्या थराच्या खालीही दगडी अवजारं मिळाली आणि वरही, आणि २००७ मध्ये त्यांनी मांडलं की एवढा उत्पात होऊनही तिथली माणसं टिकली असावीत. इथे उलटं आहे बघ, राख हा माल, आणि मालाच्या खालचा-वरचा "कचरा" म्हणजे इतिहास.

आमच्या क्रशरच्या खाणीत डायनासोरचं हाड निघालं तर पुरातत्त्ववाल्यांना कळवायचं का?

नाही, ते खातं वेगळं. माणसाने केलेलं, वापरलेलं असेल तर पुरातत्त्व. डायनासोर, शंख-शिंपले, झाडांचे दगड झालेले ओंडके हे जीवाश्म, त्यासाठी भूवैज्ञानिक. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला चुनखडीच्या खाणींच्या भागात अंडी आणि हाडं निघाली ती भूवैज्ञानिकांच्याच हाती लागली. तुमची खाण काळ्या पाषाणाची असेल तर मात्र फार आशा धरू नका, तो थंड झालेला लाव्हा आहे. हाड मिळालंच तर लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात मिळेल.

तुम्ही खाणमजुरांचं फार कौतुक करता. पैशासाठी ते वस्तू मुद्दाम पुरून ठेवत नसतील कशावरून?

ठेवतात की! नाही कोण म्हणतंय. वर ज्या बुशे द पेर्तांचं सांगितलं त्यांनी खाणीतून माणसाचं हाड आणून देणाऱ्याला २०० फ्रँकचं बक्षीस लावलं होतं. १८६३ च्या मार्चमध्ये मूलँ-किन्योंच्या खाणीतून लगेच एक जबडा "निघाला". इंग्रज आणि फ्रेंच पंडितांची त्यावर चौकशी समिती बसली. जबडा खरा होता, पण तिथला नव्हता. मजुरांनी हातकुऱ्हाडी पण नव्या घडवून विकल्या, आणि चांगल्या घडवल्या म्हणे. आता मला सांगा, दिवसाची मजुरी किती आणि बक्षीस किती, हे बक्षीस लावणाऱ्याला समजायला नको?

पण सगळ्यात मोठी फसवणूक मजुराची नाही. इंग्लंडमध्ये पिल्टडाऊनच्या खडीच्या खड्ड्यातून १९१२ मध्ये माकड आणि माणूस यांच्यामधला दुवा मिळाला असं जाहीर झालं, तो आणणारा चार्ल्स डॉसन हा वकील होता, कोट-टायवाला. १९५३ मध्ये सिद्ध झालं की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि सगळं रंग देऊन जुनं केलेलं. ४१ वर्षं चाललं हे.

आणि त्याची किंमत कुणी दिली, तर दुसऱ्या एका खाणीने. दक्षिण आफ्रिकेत ताउंगला चुन्याच्या खाणीत १९२४ मध्ये सुरुंगाने फुटलेल्या दगडात एका पोराची कवटी निघाली. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी विणायची सुई घासून टोकदार केली, त्या सुईने दगड टोकरत चेहरा मोकळा केला, फेब्रुवारी १९२५ मध्ये छापलं की हा आपला पूर्वज, ऑस्ट्रॅलोपिथेकस. मेंदू लहान, दात माणसासारखे. पण पिल्टडाऊनमुळे मोठमोठ्यांची खात्री होती की आधी मेंदू मोठा झाला, त्यामुळे डार्टना वीसेक वर्षं कुणी धड विचारलं नाही. खोट्या खड्ड्याने खऱ्या खाणीला गप्प बसवलं.

तेरजवळच्या गावचा आहे. आमच्याकडे पांढरीची माती घरावर टाकायला आणायचे तेव्हा आजी त्यातून मणी वेचायची, डबाभर आहेत. आता तर जेसीबीने पांढर उचलून रस्त्याच्या भरावाला चाललीय. या मण्यांना किंमत येते का?

बाजारात विचारू नका, परवान्याशिवाय असा व्यवहार करणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसत नाही. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे पुरावस्तू.

पण पांढरीबद्दल बोलूया. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढर म्हणजे जिथे माणसं राहिली ती, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही माहीत असतं. भिंती पडतात, राख साठते, शेण-भुसा कुजतो, त्यावर पुन्हा घर, पुन्हा पडतं, असं हजारो वर्षं होऊन ती माती पांढरी होते. म्हणजे गावोगावच्या पांढरी ही माणसांनी बनवलेली माती आहे आणि आपण ती धाब्याच्या छपराला, शेताला, आता भरावाला वापरतो. हडप्प्याचं तेच झालं, लाहोर-मुलतान रेल्वेखाली तिथल्या विटांची खडी गेली, पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख कनिंगहॅम यांनी लिहून ठेवलंय की जवळजवळ १०० मैलांचा रस्ता तेवढ्यावर झाला असता.

तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर हेच केलं, लोकांना मातीत मिळालेलं गोळा करत राहिले, मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, खापरं. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरला आहे, त्यात एक हस्तिदंती बाई आहे, इटलीत पॉम्पेईला निघालेल्या हस्तिदंती मूर्तीची बहीण शोभेल अशी. आजीचा डबा घेऊन तिथे जा. पांढरीच्या कुठल्या बाजूचे मणी ते आजीला विचारून चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका, आजी आहे तोवर. चिठ्ठी नसेल तर नुसते मणी आहेत.

पोकलेन चालवतो. मागे एका साइटवर तांब्याचं भांडं निघालं, मालकाने घेतलं आणि मला गप्प बस म्हणाला. कायद्याने सापडणारा कोण, मी का मालक?

दादा, तुमचा प्रश्न शेवटी ठेवला कारण हा सगळ्यात अवघड आहे.

१८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. जमिनीत दडलेली किंमतीची वस्तू, १० रुपयांच्या वरची (हो, दहाच, १८७८ चे), सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. या कायद्यात सापडणारा आणि जागेचा मालक हे दोन वेगळे लोक आहेत. वस्तूचा मूळ धनी कुणी निघाला नाही आणि आपसात वेगळा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. उलटं नाही. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेतात. सापडणाऱ्याने कळवलं नाही तर त्याचा वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे मालकाने गप्प बसवलं तरी तुम्हीही अडकणार. तुम्ही पगारावर मशीन चालवत होता म्हणून मालक वेगळा दावा करेल, त्यासाठी वकील बघा, पण अर्ज तुमच्या नावाने द्या, तारीख, जागा, काय निघालं सगळं लिहून.

जर्मनीत हायडलबर्गजवळ माउअर गावात वाळूची खाण होती. शोटेनझॅक नावाचे एक अभ्यासक तिथे २० वर्षं येत होते, खाणमालकाला आणि कामगारांना सांगून ठेवलेलं की हाड दिसलं तर फेकू नका, मला कळवा. २१ ऑक्टोबर १९०७ ला डॅनियल हार्टमान या वाळू काढणाऱ्याच्या फावड्याला एक जबडा लागला आणि तो त्याने फेकला नाही. पुढच्या वर्षी शोटेनझॅकनी त्याला होमो हायडलबर्गेन्सिस नाव दिलं, पण हार्टमानचं नावही जबड्याबरोबर लिहिलं गेलं, ते आजपर्यंत आहे. गावात सांगतात की त्या संध्याकाळी तो गुत्त्यात गेला आणि म्हणाला, आज मला आदम सापडला.